चौथ्या गोळीला पडलेली पाटी

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळी सव्वासात. तीनशे दिरहम, म्हणजे आपले सात हजार रुपये आणि वर थोडे. हजर होते: माझी धाकटी बहीण सुनंदा, तिचे यजमान अविनाशराव, त्यांची मुलगी रेवा आणि मी. प्रवेश शुल्क सुनंदाने खिडकीवर भरले, पावती मी घेतली. मिरजेच्या एका पतसंस्थेत हिशेब तपासण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. पावती न घेता पैसे देणे मला जमत नाही, आणि घरात यावरून सगळे मला चिडवतात.

ती खिडकी एका शूटिंग क्लबची होती. दुबईहून फुजैराकडे जाणारा रस्ता जिथे डोंगरात शिरतो, त्याच्या अलीकडे उजव्या हाताला एक माळ लागतो. त्या माळावर पिस्तूल स्पर्धा होती आणि पिस्तूल चालवणार होती आमची सुनंदा. वय सत्तेचाळीस, चष्मा पावणेदोनचा. दुबईत बहिणीकडे जाऊन आलो म्हटल्यावर लोक उंच इमारती आणि सोन्याचा भाव विचारतात. इमारती मी खालून पाहिल्या. सोने घेतले नाही. जे नीट पाहिले ते त्या माळावर, म्हणून तेच लिहितो.

करामा

विमानतळावरून दाजींनी मला थेट करामात नेले. सुनंदाच्या यजमानांना मी पहिल्यापासून दाजीच म्हणतो. हॉटेलांची स्वयंपाकघरे बसवून द्यायचा त्यांचा धंदा आहे. मिरजेचा माणूस चहा पोटात गेल्याशिवाय धड बोलत नाही असे त्यांचे मत, आणि ते खोटे नाही.

करामा म्हणजे चार-पाच मजली जुन्या इमारती, खाली दुकाने, वर वाळत घातलेले कपडे. पाट्यांवर अरबी अक्षरे नसती तर मी स्वतःला सांगलीच्या एखाद्या गल्लीत समजलो असतो, फक्त गल्ली झाडलेली. मिसळ अठरा दिरहम. मी चारशे वीस रुपये असा गुणाकार केला आणि पहिला घास घशात अडकला. दाजी म्हणाले, "दादा, इथं गुणाकार करत खाल्लं तर आठ दिवसांत वाळाल." वाढणारे गृहस्थ देवगडकडचे होते. त्यांनी न विचारता तर्रीची दुसरी वाटी आणून ठेवली आणि ती बिलात धरली नाही. बिल मी तपासले होते, म्हणून ठाऊक.

सुनंदा गोळ्या झाडते हे मला सहा वर्षांपासून ऐकून माहीत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल होता. कॉलेजात असताना ती एन.सी.सी.त होती, रायफलीला तिचा हात बरा होता. लग्नानंतर ते मागे पडले ते पडलेच. दुबईत रेवा शाळेत स्वतःची स्वतः जाऊ लागली तेव्हा हिने एका क्लबात नाव घातले. फोनवर ती कधीमधी सांगायची, मी "बरं बरं" म्हणून आईची तब्येत सांगायला लागायचो.

डिस्कव्हरी गार्डन्स

त्यांचे घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. सगळ्या इमारती सारख्याच, मधून झाडे, खाली मुलांच्या सायकली. जिन्यात मला फोडणीचे तीन वास आले, तीन राज्यांचे. घरात पिस्तूल नाही. त्या देशात ते क्लबाच्या कुलपात राहते, स्पर्धेला क्लबच आणतो आणि क्लबच परत नेतो. मग घरी सराव कशाचा, असे मी विचारले. तिने कमरेला पट्टा बांधला, रिकामा हात झटकन वर आणला आणि फ्रिजच्या मुठीवर बोट रोखले. कुकरची शिट्टी हाच तिचा इशारा. तीन शिट्ट्यांच्या भाताला तीन वेळा सराव.

"मम्मा इज शूटिंग द फ्रिज अगेन," रेवा आतून म्हणाली. रेवा सतरा वर्षांची. मराठी तिला सगळे कळते, उत्तर इंग्रजीत देते.

जेवताना सुनंदाने खरी गोष्ट सांगितली. मेमध्ये थायलंडला एक मोठी स्पर्धा होती आणि क्लब तिथे चार बायकांचा संघ पाठवणार होता. वर्षभराच्या गुणांवर तीन नावे नक्की झाली होती. चौथी जागा शनिवारच्या स्पर्धेवर ठरणार होती, आणि ती एक तर हिची किंवा लीनाची. लीना ही लेबनॉनची दातांची डॉक्टर, हिची मैत्रीण. पिस्तुलातली गोळ्यांची पेटी पळता पळता कशी बदलायची, हे हिला तिनेच शिकवलेले.

मी म्हणालो, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. यावर दाजी आणि ती एकमेकांकडे पाहत राहिले. दाजींनी धंदा आवरता घ्यायचे ठरवले होते. रेवाचे कॉलेज पुण्यात, दाजींच्या आई एकट्या. जूनमध्ये सगळे कायमचे परत येणार होते. ही बातमी ऐकून मला आनंदच झाला. मी दोन वेळा "उत्तम झालं" म्हणालो. सुनंदाही हसली.

"इथलं सगळं नेता येईल दादा," ती ताट उचलताना म्हणाली. "फक्त हे येत नाही. मिरजेत कुठं करू मी हे? एकदा तरी संघात नाव लागू दे, मग खलास."

तिने काही मागितल्याचे मला आठवत नाही. लहानपणी चपलाही माझ्या झाल्यावर तिच्या.

माळाकडे

शनिवारी पहाटे निघालो. धपाटी आणि शेंगांची चटणी डब्यात. वाटेत एका टपरीपाशी दाजींनी गाडीतूनच हॉर्न वाजवला आणि एक केरळी माणूस कागदी पेल्यांतून करक चहा घेऊन धावत आला. दूध आटवलेला, वेलदोड्याचा, दिरहमाला एक पेला. मिरजेत चहासाठी आपण उठून टपरीवर जातो, इथे टपरी गाडीपाशी येते. सोबत पराठ्यात बटाट्याचे वेफर्स गुंडाळलेला एक प्रकार होता. रेवाने तो आनंदाने खाल्ला. मी धपाट्यावर राहिलो.

गाडीत सुनंदा गप्प होती. तिला धीर यावा म्हणून मी रेवाला तिच्या आईची एक गोष्ट सांगितली. आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांना हमखास सांगितली जायची. दहावीच्या गणिताच्या पेपरला सुनंदाला मिळालेल्या प्रश्नपत्रिकेत मधले पान नव्हते. तिने हात वर केला नाही. होते तेवढे प्रश्न सोडवले, उरलेला वेळ तेच तपासत बसली आणि घरी आली. अठ्ठावन्न गुण पडले. अप्पा, म्हणजे आमचे वडील, तिच्यावर रागावले नाहीत. उलट म्हणायचे, माझ्या पोरीने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, हातात आले ते निमूट पुरे केले. आमच्या घरचे वळण असे, मी रेवाला सांगितले. बऱ्यापैकी अभिमानाने सांगितले.

रेवा थोडा वेळ बाहेरच्या काळपट डोंगरांकडे पाहत होती. मग म्हणाली, "बट मामा, व्हाय डिडन्ट शी जस्ट आस्क?"

मी हसलो. दाजीही हसले. सुनंदा पुढच्या सीटवर होती, तिचा चेहरा मला दिसला नाही.

माळावर

आत शिरताना प्रत्येकाला कानांवर घालायची कवचे आणि डोळ्यांना चष्मे दिले. मिरजेच्या रायफल क्लबात मी एकदोनदा गेलो आहे. तिथे देवळातल्यासारखी शांतता असते, माणूस एका जागी उभा राहतो, श्वास धरतो, सावकाश घोडा दाबतो. इथे वेगळेच. मातीच्या उंच बांधांमध्ये आठ कप्पे, प्रत्येक कप्प्यात जाळीच्या भिंती, खिडक्या, पिंपे, आणि त्यांच्या आडून उभी केलेली पुठ्ठ्याची खाकी निशाणे. मधूनमधून पांढरी निशाणे, त्यांना गोळी लावायची नाही, लागले तर गुण कापतात. प्रत्येक कप्प्याला स्टेज म्हणतात. पंचाच्या हातातला टायमर वाजला की घड्याळ सुरू. पळायचे, वाकायचे, झाडायचे, पुन्हा पळायचे. शेवटी मिळालेले गुण लागलेल्या सेकंदांनी भागायचे. म्हणजे नुसते अचूक असून भागत नाही आणि नुसते चपळ असूनही नाही. हा हिशेब मला फार आवडला. इतक्या प्रामाणिक रीतीने भागाकार करणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

स्टेज सुरू होण्याआधी सगळ्यांना पाच मिनिटे आत फिरून पाहू देतात. तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर, एक पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले अरब आजोबा, सगळे बोटांचे पिस्तूल करून तोंडाने काहीतरी पुटपुटत हवेत निशाणा धरत फिरत असतात. आपल्याकडे कुणी असे करताना दिसले तर घरच्यांना निरोप जाईल. सुनंदाही त्यांच्यात फिरत होती, ओठ हलत होते. मला ती परीक्षेआधी पाढे म्हणणारी सुनंदा दिसली.

इथली आणखी एक पद्धत चांगली. एकाचे झाडून झाले की बाकीचे सगळे आत जातात, पुठ्ठ्यावरची भोके कागदी चिकटपट्टीने बुजवतात, पडलेल्या लोखंडी पाट्या उभ्या करतात. डॉक्टर असो की ड्रायव्हर, ज्याला वेळ आहे त्याने बुजवायचे. रिकामे बसवत नव्हते, म्हणून मीही एक गुंडाळी घेतली. पहिल्याच स्टेजला मी जवळच्या पुठ्ठ्याचे भोक बुजवायला गेलो, तेवढ्यात पंच उस्मानसाहेब मागून म्हणाले, "हबीबी, पहले नंबर, फिर पट्टी." गुण लिहून व्हायच्या आधी भोक झाकले तर झाडणाऱ्याला ती स्टेज पुन्हा करावी लागते. माझा हात हवेतच थांबला. त्यानंतर मी दरवेळी त्यांची मान हलल्याशिवाय पट्टी फाडली नाही. उस्मानसाहेब इजिप्तचे, साठीचे, मिशा पांढऱ्या. दुपारपर्यंत ते मला ऑडिटर म्हणू लागले.

सात स्टेज झाल्या. दोनदा सुनंदा पुढे, तीनदा लीना, बाकी उन्नीस-बीस. जेवणाच्या वेळी फोनवर गुण दिसत होते. सुनंदा सहा गुणांनी पुढे. लीनाने आमचे धपाटे खाल्ले, चटणीने तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तिने आम्हाला जैतुनाचे लोणचे दिले. मला ते कडू लागले. चौथ्या जागेविषयी दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. लीना आपली मोडकी हिंदी चालवत रेवाला सांगत होती की तुझ्या आईचे हात दातांच्या डॉक्टरचे आहेत, थरथरत नाहीत.

आठवी स्टेज

आमच्या गटाला आठवी स्टेज शेवटी आली. दिवसभर सगळे तिच्याचविषयी कुरकुरत होते. नऊ पुठ्ठे, प्रत्येकी दोन गोळ्या. चार लोखंडी पाट्या, भोपळ्यासारख्या, खाली रुंद, वर गोल. पाटी पडली तरच गुण. आरंभी डावीकडे, मग पळत मध्ये, तिथे एक खिडकी इतकी खाली की गुडघे टेकल्याशिवाय पलीकडचे दिसत नाही. मग उठून उजव्या टोकाला, तिथून तीन पाट्या जवळच्या आणि चौथी लांब, बांधाच्या पायाशी, दोन पांढऱ्या पुठ्ठ्यांच्या मधून दिसणारी.

दुपारी वारा सुटला होता. जाळ्या फडफडत होत्या. सुनंदाचा नंबर लीनाच्या आधी होता.

"आर यू रेडी?" उस्मानसाहेबांनी विचारले. तिने मान हलवली. "स्टँड बाय."

टायमर वाजला आणि माझी बहीण पळाली. तिला पळताना मी तीस वर्षांत पाहिले नव्हते. डाव्या कोपऱ्यातून सहा गोळ्या, दोन-दोन करून, कुकरच्या शिट्ट्यांसारख्या सारख्या अंतराने. पळता पळता तिने रिकामी होत आलेली पेटी टाकली, नवी बसवली. गुडघ्यांवर आली, खिडकीतून झाडले, उठताना तिचा हात भिंतीला टेकला, पण पिस्तुलाचे तोंड एकदाही इकडेतिकडे वळले नाही. उजव्या टोकाला पोहोचली. पहिली पाटी पडली, दुसरी, तिसरी. रेवाने माझे मनगट घट्ट धरले होते. माझ्या अंदाजाने तेव्हा चोविसावा सेकंद चालू असेल.

चौथ्या पाटीला गोळी लागली. लागली हे सांगायला नको होते, टणकन आवाज आला, कानांवरच्या कवचातूनही आला. पाटी डोलली आणि उभी राहिली.

सुनंदा थांबली. फार नाही, एक श्वास. ती पाटी पडायची वाट पाहत होती. मग पुन्हा झाडली. पुन्हा टण. पाटी उभी. तिसरी गोळी पांढऱ्या पुठ्ठ्याला चुकवून बांधाच्या मातीत गेली. ती परत थांबली, पाय नीट रोवले, दोन्ही हात पुन्हा पक्के केले, आणि चौथी गोळी पाटीच्या अगदी वरच्या गोलात मारली. पाटी पडली.

एकतीस सेकंद. गुण अठ्ठ्याऐंशी. भागाकार दोन पूर्णांक चौऱ्याऐंशी. मी तो तोंडी केला आणि तोंड मिटून घेतले.

आम्ही आत गेलो, नंबर, मग पट्टी. लांबची पाटी दाजींनी उभी केली. ती पुढे जरा जास्त झुकल्यासारखी वाटते, असे ते मला परत येताना हळू म्हणाले. दिवसभर उभी-आडवी करून तिच्या पायाखालची माती बसली असेल. मी म्हणालो, असेल.

मग लीना. ती सुनंदाहून चपळ, पण गोळ्या सैल. उजव्या टोकाला आली, तीन पाट्या पाडल्या, चौथीला गोळी मारली. टण. पाटी उभी. तिने दुसरी मारली. टण. पाटी उभी.

लीनाने पिस्तूल खाली घेतले, रिकामे करून दाखवले, म्यानात ठेवले आणि हात वर केला.

तिने काय म्हटले ते मला लांबून कळले नाही, पण उस्मानसाहेबांनी लगेच सगळ्यांना जागच्या जागी थांबवले. कोणी पाटीच्या जवळ जायचे नाही. दुसरा एक अधिकारी ठरावीक ताकदीच्या गोळ्या घेऊन आला, लीना उभी होती त्याच जागेवरून त्याने त्या पाटीच्या गोलाच्या मध्यावर एक गोळी झाडली. टण. पाटी उभी राहिली.

याचा अर्थ दाजींनी मला सांगितला. पाटी जड झाली होती, दोष पाटीचा. आता ती नीट करणार आणि लीना ही स्टेज पहिल्यापासून पुन्हा करणार.

"आणि आपली सुनंदा?" मी विचारले.

दाजींनी समोर बोट केले. उस्मानसाहेबच आमच्याकडे आले होते. त्यांनी टोपी काढली होती. "सिस्टर," ते म्हणाले, "पाटी उभी राहिली असती आणि तुम्ही हात वर केला असता तर तुम्हालाही पुन्हा मिळाली असती. तुम्ही ती पाडली. जी पाडली, ती पडली. माफ करा, खलास." ते हिंदीत बोलले, सावकाश, प्रत्येक शब्द तिला पोहोचेल असे.

लीनाने पुन्हा केली. या वेळी पाटी पहिल्या गोळीला पडली.

खिडकीवर

चार गुणांनी. सहाने पुढे होती ती चाराने मागे पडली.

मी पावतीच्या मागे आकडे मांडले. ते सहा सेकंद वजा केले, अठ्ठ्याऐंशीला पंचविसाने भागले, तीन पूर्णांक बावन्न. जागा हिची होती, आठ गुण हातात ठेवून. मग मी दाजींच्या फोनवर नियमांचे पुस्तक उघडले. इंग्रजी होते, पण हिशेबाच्या पुस्तकासारखे, कलमे आणि पोटकलमे. अपील करता येते. तासाभराच्या आत, लेखी, सोबत प्रवेश शुल्काइतकी अनामत, म्हणजे तीनशे दिरहम. अपील मान्य झाले तर अनामत परत, फेटाळले तर जप्त.

पाटीचे कलमही मी तिथेच वाचले. उस्मानसाहेब म्हणाले तसेच होते. झाडणाऱ्याने पाटी पाडली तर पुढे काही करायचे नाही. मी ते तीनदा वाचले. दुसऱ्याच्या कागदात अशी पळवाट शोधून मी लोकांची व्याजे वाचवली आहेत. इथे सापडली नाही.

तरी मी खिडकीशी गेलो. तीनशे दिरहम माझ्या पाकिटात होते, मिरजेहून निघताना बदलून घेतलेल्यांतले. आतल्या माणसाने कागद पुढे सरकवला. तेवढ्यात सुनंदा आली. चष्म्याच्या काचांवर धूळ होती.

"काय करतोयस दादा?"

अपील, मी म्हणालो. पाटी सदोष होती हे सिद्ध झाले आहे.

"नियम वाचलास ना?"

"वाचला."

"मग?"

ती खिडकीच्या कठड्याला टेकली.

"पहिला टण ऐकू आला होता मला," ती म्हणाली. "दुसराही. हात वर करायचा नियम मला पाठ आहे, तो मी नव्या पोरींना शिकवलाय. पण तिथं उभी असताना मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. नीट मारली तर पडेल." मग चष्मा पुसत, "आणि नीट मारली तर पडलीच की."

रेवा आमच्या मागे उभी होती. सकाळी गाडीत विचारलेले तिने पुन्हा विचारले नाही. तिने विचारले असते तर मला बरे वाटले असते.

लीना धावत आली ती तेव्हाच. तिचे डोळे लाल होते. हिंदी सोडून इंग्रजीत बोलत होती, तू आवाज ऐकलास, मग का थांबली नाहीस, तू ओरडायला हवे होतेस. सुनंदाने तिच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि थायलंडला उकाडा फार असतो, सुती कपडे ने, असे सांगितले. मग "यल्ला" म्हणून तिला बक्षिसाच्या रांगेकडे ढकलले.

मी कागद परत दिला. आतल्या माणसाने तो गठ्ठ्यावर ठेवला.

सुनंदाने पट्टा सोडला आणि पिस्तूल क्लबाच्या माणसाकडे दिले. त्याने नंबर पाहून पेटीत ठेवले, कुलूप लावले. ती क्षणभर त्या पेटीकडे पाहत उभी होती, जशी आई गॅस बंद आहे की नाही ते बघते.

परतताना डोंगर तांबडे झाले होते. समुद्र पाहायला फुजैरापर्यंत जायचे ठरले होते. दाजींनी विचारले, जाऊ या का. सुनंदा म्हणाली, पुढच्या वेळी, इन्शाल्ला. पुढची वेळ नाही हे गाडीतल्या चौघांनाही माहीत होते, पण गाडी दुबईकडेच वळली. फुजैराचा समुद्र मी पाहिला नाही, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही.

करामात जेवलो. देवगडच्या त्या गृहस्थांनी विचारले, ताई, कशी झाली मॅच. ती म्हणाली, छान झाली.

ताम्हन

पुढचे तीन दिवस आम्ही बाजार पाहिला, अब्रेतून, म्हणजे तिथल्या लाकडी होडीतून, एका दिरहमात खाडी ओलांडली, खजुराचे चार प्रकार चाखून एक घेतला. सुनंदा सगळीकडे हसतमुख होती. फक्त कुकरची शिट्टी झाली की मी स्वयंपाकघराकडे बघायचो. ती पोळ्या लाटत असायची. फ्रिजला पाठ.

त्या तीन दिवसांत मी अप्पांचा पुष्कळ विचार केला. ते वाईट शिकवत नव्हते. त्यांच्या कचेरीत हात वर करणाऱ्याची बदली व्हायची, हे त्यांनी पाहिले होते. आम्हा दोघांना त्यांनी आपल्याकडचे शहाणपण दिले. पण ते प्रश्नपत्रिकेचे पान पर्यवेक्षकांकडे होते, मागितले असते तर मिळाले असते. तीस वर्षे ती गोष्ट मी पाहुण्यांना सांगत आलो आणि त्या पानाचा विचार मी कधी केला नाही. एका सतरा वर्षांच्या मुलीने तो एका वाक्यात केला. आता ती गोष्ट मी सांगणार नाही. पण जिला ती ऐकू यायला नको होती, तिने ती आयुष्यभर ऐकली, आणि शेवटची माझ्याच तोंडून, त्याच सकाळी.

निघायच्या दिवशी सुनंदाने मला पाटावर बसवले. आमच्याकडे भाऊ लांब जायला निघाला की बहीण ओवाळते. भाऊबीजेची वाट पाहत नाही. ताम्हनात निरांजन, सुपारी, एक अंगठी. निरांजन फिरवताना तिचा हात तसाच स्थिर होता, लीना म्हणाली होती तसा.

मी पाकिटातून तीनशे दिरहम काढून ताम्हनात ठेवले.

"एवढे कशाचे?" ती म्हणाली.

"अपिलाची अनामत. क्लबाकडे नाही, तुझ्याकडे."

तिने निरांजन खाली ठेवले. दाजी दारात बॅग धरून उभे होते.

"अनामत परत कधी मिळते, वाचलंस ना?"

"अपील मान्य झालं तर."

"आणि नाही झालं तर?"

"मग नाही मिळत."

तिने नोटांकडे पाहिले. मग त्या उचलून, घडी घालून, कमरेला खोचल्या.

"मग ठेवते," ती म्हणाली.

क्लबाला अपिलापोटी काही भरले नाही. तीनशे दिरहम सुनंदाला दिले. पावती घेतली नाही.